उपलब्ध नाही

कुडचड्यात सिमेंटच्या दुकानावर आमच्या क्लबचं ऑफिस.
जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत
हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.
इनास क्वाद्रुश चढून आला तेव्हा मोजल्या गेल्या:
आधी चांगला पाय, मग कुबड्या, मग तो दुसरा.

मी खुर्ची पुढे केली. फाइल मिटून ठेवली.

कलम नऊ. खेळताना जायबंदी झाल्यास
तीस दिवस पूर्ण पगार,
नव्वदाव्या दिवसापर्यंत अर्धा,
पुढे क्लबची मर्जी.
वकिलाने 'विवेकाधिकार' लिहिलं होतं,
अध्यक्षांना उच्चारता येईना.

कलम चौदा. निलंबित खेळाडूला
निलंबनाच्या काळात काही नाही.
तिथे मर्जीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी पाहुण्यांचा सहा नंबर
दोन्ही पाय पुढे काढून आला.
वाळक्या करवंटीवर पाय पडावा
तसा आवाज माझ्यापर्यंत, पासबुकं घेऊन बसलेल्या माझ्यापर्यंत आला.
शिट्टी वाजली नाही.
मग सोयरू वेळीप चालत गेला, हो, चालत,
आणि सहा नंबरच्या जबड्यावर एक ठेवून दिली.
आता शिट्टी वाजली.
आठ सामने.

एका मिनिटात दोन फाइली जाड झाल्या.
मोडलेल्या गुडघ्याला अर्धा पगार,
उठलेल्या हाताला शून्य,
आणि दोघांच्या नावापुढे मी एकच शेरा टाइप केला,
खालच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगतात तो:
उपलब्ध नाही.

गेल्या महिन्यात पारोड्याला,
कापणी झालेल्या शेतात, भाड्याच्या दिव्यांखाली
सात-सात जणांची टुर्नामेंट होती.
मी बांधावर चणे खात उभा.
पाठीवरच्या नावावर चिकटपट्टी लावलेला एक जण
डावीकडून असा आत शिरला
की मला त्याचा करारक्रमांक आठवला.
त्यानेही मला पाहिलं. समोरचा गोल चुकला.
कलम चौदा, पोटकलम तीन:
दुसऱ्या संघाकडून खेळल्यास करार रद्द.
बांधावर फार अंधार होता,
असं माझं म्हणणं आहे.

बक्षिसातले पंधराशे
कोणीतरी इनासच्या खिडकीत ठेवून गेलं.
पाकिटावर नाव नाही. चिखल होता.

आज अठ्ठ्याऐंशीवा दिवस.
किंवा एकोणऐंशीवा.
करार म्हणतो, 'जायबंदी झाल्यापासून'.
पण मडगावचं यंत्र बंद होतं,
अहवालावर नऊ दिवसांनंतरची तारीख पडली.
माणूस जायबंदी होतो कधी?
करवंटी वाजते तेव्हा,
की शिक्का बसतो तेव्हा?
मी अध्यक्षांना म्हटलं, मोजणी अहवालापासून धरतात.
कोण धरतात ते त्यांनी विचारलं नाही.
फोनवर ते एका नव्या बचावपटूच्या चित्रफिती बघत होते,
म्हणाले, "बरें."

अर्ध्या पगाराने नऊ दिवस म्हणजे
दोन हजार सातशे.
माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीतली
एवढीच काय ती माझी मर्जी.

इनासला मी आकडा सांगितला.
त्याने मान हलवली, पैशांचं पुढे काही बोलला नाही.
भिंतीवरच्या संघाच्या फोटोकडे बघत म्हणाला,
"केंकरेबाब, चार नंबर कोणाला दिला?"

अकरा पानी करार.
पगार आहे, बूट आहेत, प्रवासभत्ता आहे,
वर्तणूक तर दीड पान आहे.
नंबराबद्दल एक ओळ नाही.

चार नंबर परवाच दिला होता.
मापाला सैल होतो म्हणून
शिंप्याकडे टाकलेला.

"धुवायला गेलाय," मी म्हटलं.

तो उठला.
उतरताना क्रम उलटा असतो.
आधी कुबड्या.