एक जून

मंदारचं म्हणणं, बायको म्हणूनच ये.
तो रस्ता सरळ आहे. मी भरतो, हमी मी घेतो,
तू फक्त सह्या कर आणि फोटो पाठव.

फोटो आहेत.
साखरपुड्याचे, हळदीचे, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचे सहा,
त्यांतल्या चारांत माझे डोळे मिटलेले.
अल्बमला बुरशी धरू नये म्हणून
सासूबाई पानापानांत कापूर ठेवतात.
लग्नाला झाली दोन वर्षं चार महिने.
एकत्र काढलेल्या रात्री काल कॅलेंडरच्या मागे मोजल्या:
एकेचाळीस.
त्यांतल्या तीन माझ्या आईकडे, वेगळ्या खोल्यांत,
कारण घरात पाहुणे होते.
हे कुठल्या रकान्यात लिहितात?

बोलण्याचेही पुरावे लागतात.
मी मेसेज वर वर सरकवत गेले.
जेवलीस? हो. तू? आता करतो.
बर्फ पडला. किती? खूप.
फेब्रुवारीत एक भांडण आहे, सतरा मिनिटांचं.
ते छापावं की नाही कळत नाही.
हॅलिफॅक्सच्या कुणा परक्या साहेबाला
तेवढंच कदाचित लग्नासारखं दिसेल.

दुसरा रस्ता माझा माझा.
तिथे गुण लागतात.
पत्रिकेत आमचे सव्वीस जुळले होते,
भटजी म्हणाले, पुष्कळ झाले.
इथे वयाचे वेगळे, पदवीचे वेगळे, इंग्रजीचे
(लिहिण्यात माझा अर्धा कमी पडला),
आणि मिरकरवाड्याच्या कंपनीत सात वर्षं
बांगड्यातलं हिस्टामिन तपासलं, त्याचे.
म्हाकुळाच्या शाईनं काळी झालेली नखं कुणी धरत नाही.
पण शीतगृहाच्या तापमानाच्या वह्या आहेत,
सगळ्या माझ्या अक्षरात.
मागच्या यादीला मी नऊ गुणांनी खाली होते.

आणि वय.
मी जन्मले गौरी घरात आल्या त्या संध्याकाळी,
नाव त्यावरूनच.
शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलं एक जून.
आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जून,
वर्गात पेढे एकदाही आले नाहीत, शाळाच बंद असायची.
परवा मी कागदावर तीस पूर्ण करते.
परवापासून मासेमारीला बंदी.
समुद्रातला बांगडा दोन महिने सुटला,
माझे गुण मात्र त्याच तारखेला गळायला लागणार,
भाद्रपदाची वाट न बघता.

काझीशेठनी अनुभवाचं पत्र दिलं,
त्यात मी मदतनीस.
म्हटलं, मदतनीस नाही शेठ, गुणवत्ता तंत्रज्ञ.
ते चष्म्यावरून बघत राहिले.
"तुझा घोव तिकडंच हाय ना गो? मग ह्या उपद्व्याप कशाला?"
म्हटलं, तारीख आजचीच घाला.
प्रिंटरची शाई संपत आलेली.
तंत्रज्ञमधला ज्ञ फिका उमटला.

मंदार फोनवर बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, माझ्या हमीत काय कमी आहे?
कमी काही नाही रे.
तुझ्या अर्जात मी सातव्या पानावर येते, एवढंच.
तो हसला, की मागे कुणी दार लावलं,
नीट कळलं नाही.
मी त्याचं फोल्डर पुसलेलं नाही.
नऊ गुण म्हणजे नऊ गुण.
लागलंच तर एकेचाळीस रात्री आहेत,
कापराचा वास आहे, सतरा मिनिटं आहेत.

आज एकतीस मे.
जेटीवर शेवटच्या बोटी वर घेताहेत,
दोर ताणला की सगळे एकदम ओरडतात,
मग उगाच कुणीतरी हसतं.
मी जन्मतारखेच्या चौकोनात गुरुजींची तारीख भरली.
फोन उजळला. जेवलीस?
नाही अजून, मी लिहिलं.
दोन वर्षांत पहिल्यांदा.

लगेच रिंग.
वाजू दे जरा.
आधी तो ज्ञ स्कॅनमध्ये दिसतोय का बघते.