उघड्या डोक्यानं

डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत.
नुसतं सावधान व्हायचं. टाचा जुळवायच्या, नजर समोर.
हे कामठीत उस्तादानं शिकवलं होतं,
पहिल्याच आठवड्यात, मे महिन्यात,
बुटाच्या तळव्यातून मैदान वर येत होतं तेव्हा.

ते आठवलं काटोल रोडवर,
एका बंगल्याच्या खिडकीबाहेर,
स्टुलावर उभा, दोन्ही हातांत वाळ्याची ताटी,
केसांत गवत, दातांत तारेचा तुकडा.
सीझनचा सत्ताविसावा कूलर.
पेन्शन आहे जी, पण उन्हाळ्याचे दोन महिने
मी नागपूर गार करतो.

आतून कोणी म्हणालं, "मोटर आवाज करते का, बघा."
आवाज ओळखू आला नाही. हात ओळखू आला.
जाळीला टेकलेला डावा हात,
करंगळी नाही, शेजारचं बोट अर्धं.
कॅप्टन बारलिंगे.

वर पोस्टवर कायदा उलटा असतो.
तिथं कोणी कोणाला सॅल्यूट करत नाही.
खांद्यावरचे तारे झाकलेले,
साहेब आणि शिपाई एकाच मळक्या कोटात,
कारण समोरच्या टेकडीवर कोणीतरी
दुर्बिणीतून बघत असतो
कोण कोणापुढं ताठ होतो ते.
मला हे माहीत होतं. वहीत लिहून घेतलं होतं.
पण वय एकवीस, पोस्टवरचा तिसरा दिवस,
आणि साहेब बंकरमधून वाकून बाहेर आले
इनॅमलचा मग माझ्यापुढं करत.
हात गेला.
तळवा समोर, कोपर खांद्याच्या रेषेत,
इतका सुरेख, की उस्ताद खूश झाला असता.

दोन सेकंद.
नंतर मग नव्हता,
आणि मगाच्या कानात अडकवलेली बोटं नव्हती.

रिपोर्टात एकच ओळ होती:
शत्रूचा गोळीबार, काही कारण नसताना.
साहेबांनीच लिहिली होती. उजव्या हातानं.
नंतर त्यांना खाली नेलं, आणि माझी बदली झाली,
आणि एकतीस वर्षं झाली.

टाचा जुळल्या. स्टुलावर. चपलेतल्या चपलेत.
स्टूल डुगडुगलं, ताटी कलली,
आणि साहेब धावत बाहेर आले,
साडेआठ बोटांनी स्टूल धरून उभे राहिले.
ते खाली, मी वर.
ही पोझिशन कुठल्या पुस्तकात नाही.

"कोणती कंपनी?" त्यांनी खालून विचारलं.
टाचांचा आवाज ऐकला होता त्यांनी.
मी तार दातांतून काढली.
आधी नंबर, मग रँक, मग नाव, असंच सांगायचं असतं.
नंबर सगळा आठवला.
नायक शालिक ठवकर.

स्टूल तसंच धरून ते थोडा वेळ गप्प.
"नायक झालास," म्हणाले. "चांगलं."

मघाशी बघा होतं, आता झालास.
तेवढ्यानं माझ्या पोटात काहीतरी जागेवर बसलं.

आमच्या इकडं जी सगळ्यांनाच लावतात,
भाजीवाल्याला, जावयाला, उधारी बुडवणाऱ्याला.
फौजेत जी फक्त वरच्या दिशेनं जातो.
मी खाली बघून म्हटलं, "हो जी,"
आणि तो कुठल्या दिशेनं गेला, समजलं नाही.

पाणी त्यांनी आणलं. आधी मी प्यालो,
कारण तसा हुकूम झाला.
बोटांविषयी कोणी बोललं नाही.
मोटरविषयी बोललो. बुश गेलंय, म्हटलं.
"किती झाले?"
"चारशे."
"मागच्या वर्षीचा साडेतीनशे घेत होता."
"त्याची ताटी पाहिली मी, साहेब."
हसले. चारशे दिले.

फाटकाबाहेर येऊन मी दुपट्टा डोक्याला बांधला.
दुपट्टा टोपीत धरतात का,
उस्तादानं सांगितलं नव्हतं.
साहेब अजून पायरीवर, उन्हात, उघड्या डोक्यानं.

आधी समोरच्या गच्च्या बघून घेतल्या.
एकीवर कुरड्या वाळत होत्या.
दुसरीवर कोणी नव्हतं.
तिसरीवर पत्र्याची शेड होती,
तिच्या मागचं नीट दिसत नव्हतं,
म्हणून जरा थांबलो.