इतर हक्क

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी लिहिल्या.
आधी सोनपेठला, मग पाथरी, शेवटी इथं मानवतला.
माणूस मेला की नावाला कंस,
विकून गेला की नावाला कंस,
कंसाखाली नवी ओळ.
अक्षर चांगलं होतं माझं,
शिव्या देणारेही एवढं मान्य करायचे.

आज बाजेवर एक परका सातबारा पसरलाय.
तालुका राजापूर, खाडीच्या तोंडाजवळ,
सहा गुंठे, त्यात चार कलमं, दोन माड,
आणि भोगवटदार एकेचाळीस.

एकेचाळीस!
आमच्याकडं एवढ्या नावांत अख्खं शिवार बसतं.
कुणी परळला, कुणी बडोद्याला,
कुणाच्या नावापुढं नुसतंच 'ठावठिकाणा नाही'.
सत्ताविसावी गोपिका कोम सखाराम.
आमची बाई भ्रतारच्या नावानं लागते, तिकडची कोमच्या.
बाकी दोन्हीकडं ती शेवटूनच सापडते.

पौषात परभणीचा पारा पाचावर आला
की कुशावर्ताच्या बोटांना कुलूप लागतं.
ताट धरवत नाही, वेणी घालवत नाही.
मागच्या थंडीत मीच तिची वेणी घातली,
वाकडी झाली, तशीच ती लग्नाला आली.
तेव्हा कुणीतरी म्हणालं, समुद्राकडं जा,
तिथं थंडी नसतेच मुळी,
माघातही अंगावर गंजिफ्रॉक पुरतो.

पावसकर एजंट फोनवर फार गोड बोलतो.
'काका, सह्यांचं माझ्यावर सोडा.
तुम्ही पाणी बघा. बारा फुटांवर विहीर, बारमाही.'
मी बारा आकडा तिला सांगितला.
ती रांजणात हात घालून किती उरलंय ते बघत होती,
नळाला अजून चार दिवस होते.
'बारा फुटावर आपल्याकडं
मुरूम तरी लागतो का नीट?' ती म्हणाली
आणि हात पुसायला विसरली.

आपला बोअर चारशे ऐंशी.
वर आली ती नुसती धूळ,
गाडीवाल्यानं तिचेही पैसे घेतले.

मग कायदा आडवा आला, मीच लोकांना शिकवलेला :
शेती घ्यायची तर आधी शेतकरी असायला लागतं.
म्हणजे तिकडचे सहा गुंठे घ्यायला
इकडचा सातबारा जोडा.
आणि पैसे उभे करायला
इकडचाच विका.
मी कागदावर हिशोब मांडला, खोडला, परत मांडला.
'आधी घ्या, मग विका,' पावसकर म्हणतो.
त्याला काय,
त्याला आमची दीड एकर म्हणजे एक झेरॉक्स.

रात्री तिनं विचारलं,
'त्या उजवीकडच्या रकान्यात काय लिहिलंय?'
इतर हक्क.
आयुष्यभर मी तिथं बँकेचे बोजे चढवले,
सोसायटीचे उतरवले,
कधी धड वाचला नाही.
चष्मा लावला.
'विहिरीवर शेजारच्या वाडीस पाणी भरण्याचा हक्क.
दक्षिणेकडून पुळणीवर जाण्यास पायवाट, बैल वगळून.'

'बैल का वगळून?'
मला सांगता आलं नाही.
'आणि आपल्या रकान्यात?'
आपल्या रकान्यात काही नाही, मी म्हणालो.
कोरा आहे.
ती बराच वेळ गप्प.
'मग बांधावरच्या चिंचेखाली
लमाणांच्या बाया दरसाल उतरतात, ते?'
ते कुणी लिहून घेतलेलं नाही.
'तलाठी कोण होता?'

सकाळी पावसकरला फोन लावला.
म्हटलं, सत्ताविसावी बाई हयात आहे का बघा,
नसेल तर वारस दाखवा,
आणि त्या पायवाटेला हात लावायचा नाही.
'काका, तुम्ही घेताय की मोजणी करताय?'
तो हसला.
त्याच्या मागं काहीतरी सलग वाजत होतं,
डंपर असेल, नाहीतर तेच असेल.
मी फोन तिच्या कानाला लावला.
बोटं वळत नव्हती, मीच धरून उभा राहिलो.

तिनं डोळे मिटून ऐकलं.
'गिरणीवाणी वाजतंय,' ती म्हणाली,
'दळण कुणाचं टाकलंय एवढं?'