गळा

मंडी बाजारात, भांड्यांच्या दुकानावर
माझी मशीन. अकरा पायऱ्या.
आधी कधी मोजल्या नव्हत्या.

दिवसभर मी गळे कापते.
मटका गळा, पानगळा, बोटनेक,
नांदेडला दिलेल्या पोरीचा मागं दोरीचा,
अंगणवाडीच्या बाईंचा साधा गोल,
"लई खाली नको घेऊस, चंद्रकला."
बावीस वर्षं झाली.
माझ्या स्वतःच्या गळ्यात काही असतं
हे ठाऊक नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनं
केसपेपरच्या पाठीमागं काढून दाखवली ती ग्रंथी.
फुलपाखरू, म्हणाला.
मला दिसले कटोरी ब्लाऊजचे दोन तुकडे,
मधे जेमतेम पट्टी.
"हळू चालायलीय ती," तो म्हणाला.
मी म्हटलं, तेल घालावं लागेल का?
तो हसला नाही. रात्रीपासून ड्यूटीवर होता.
आम्ही दोघांनी एकदमच जांभई दिली.

थकवा काम केल्याचा असतो, असं वाटायचं.
ऊस तोडून आलेली जाऊ थकते,
भाकरी खाते, पडते, सकाळी नवी.
हा तसला नाही.
हा झोपेतही कामावर जातो.
उठते तेव्हा वाटतं, कुणीतरी रात्रभर
ओली गोणपाटं माझ्यावर वाळत घातली होती
आणि अजून वाळली नाहीत.

अंबाजोगाईचा मे. त्रेचाळीस.
पत्रा तडतडतो, कूलरपुढं सगळं घर आडवं,
आणि मी आतल्या खोलीत
थोरल्याचा शाळेचा स्वेटर घालून.
सासू म्हणते, सोंगं.
पलीकडची सत्यशीला म्हणते, भात सोड, सुटलीस केवढी.
भात सोडला.
मग साखर सोडली.
मग आरशात बघायचं सोडलं.

नळाला पाणी आठव्या दिवशी येतं.
मी तोटी उघडली आणि कशाला उघडली ते विसरले.
हौद भरून गल्लीभर वाहिला.
गल्ली तीन दिवस बोलत होती,
मी त्यातलं निम्मंच ऐकलं,
निम्म्यात डोळा लागला.

केस कंगव्यात, केस ताटात, केस बॉबिनमध्ये.
तसनीमआपाच्या धाकटीच्या पिवळ्या कुर्त्यात,
बाहीच्या शिवणीत, माझा एक केस शिवला गेला.
दिसला. उसवला नाही.
तो तरी लग्नात नाचला असेल.

पन्नासची गोळी, मग पंचाहत्तरची.
रिपोर्टातला आकडा अठरावरून सहावर आला.
डॉक्टर म्हणाला, छान.
आकडा उतरला खरा,
पायऱ्या अकराच्या अकरा.

गोळी पहाटे पाचला. उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर,
आणि तासभर चहा नाही, असं त्यानं सांगितलं होतं.
घरी येऊन मी सांगितलं:
तासभर हलायचं नाही.
बोलायचं पण नाही, नाहीतर गोळी लागू पडत नाही.
सासूनं तोंडाला पदर लावला.
नवऱ्यानं चहा ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा,
साखर कुठंय म्हणून विचारायला आला.
मी गळ्याकडं बोट दाखवलं.

तेव्हापासून पाच ते सहा मी दारात बसते.
बरं वाटतं असं नाही.
मांडीवर शिवण नसते, एवढंच,
आणि हात कुठं ठेवावेत ते अजून कळत नाही.
लिंबाखाली कुत्री झोपलेली.
स्टँडकडून परळीच्या पहिल्या गाडीचा आवाज येतो,
गुरगुरते, बंद पडते,
परत गुरगुरते.
मी तिला घाई करत नाही.