टॉवेल कसला आहे

रात्रीचे अकरा. पाचव्या दिवसाचं पाणी आलंय गल्लीत
आणि त्याच वेळी अक्काचा फोन.
अम्मा मांडीवरचं सूप खाली ठेवत नाही,
म्हणते, तूच धर, माझ्याकडं वळव.
एका हातात पाइप, एका हातात अक्का
असा मी उभा.

काय करलालाव रे सगळे?
तिकडं साडेसात वाजलेत, अजून ऊन आहे म्हणे,
पण नुसतं बघायचं ऊन. अंगाला लागत नाही.
आम्ही त्रेचाळीस डिग्रीत बसून हसलो.

पहिल्या रात्री झोप नाही लागली, म्हणाली.
थंडीनं?
नाही रे. आवाजच नाही कसला.
वीस वर्षं खडखडाटात झोपलेली मी,
गादी मऊ, खोली गार,
आणि कान उघडेच, कुणी यायचं राहिल्यासारखे.

आठ-सातची बस आठ-सातलाच येते.
आठ-आठला गेलं तर?
तर चालत. मी गेले चालत.
पाव आपल्या कडक भाकरीचा फुगलेला भाऊ.
घरमालकीण बाईनं शेंगाचटणी बोटानं चाखली,
उठून खिडकी उघडली,
परत येऊन पुन्हा बोट घातलं.
आणि अम्मा, बेसिनच्या नळाचंच पाणी पितात इथं.
कितव्या दिवशी येतं?
चोवीस तास.
अम्मानं माझ्या हातातल्या पाइपकडं बघितलं,
मग विडीला दोरा गुंडाळला. सहाशे बारा.

नान्ना अंग धुऊन आला, केसांत अजून रुई.
तीस वर्षांच्या मागानं त्याचे कान नेलेत,
त्याच्याशी घरात सगळे ओरडूनच बोलतो.
तर त्या शांत गावात, त्या शांत घरात
अक्का ओरडली, नान्ना, तिन्नावा?
तिच्या मागचं दार उघडलं कुणीतरी,
बघून हळूच लावलं.

नान्ना जेवणाचं काही बोलला नाही.
म्हणाला, टॉवेल कसला आहे?
तिनं न्हाणीतून आणला, धरला कॅमेऱ्यापुढं.
जवळ. अजून जवळ. उलटा कर.
लूप सैल आहे. काठ बरा.
लेबल वाच.
तिनं वाचलं. तिसऱ्याच देशाचं नाव निघालं.
असू दे, म्हणाला,
पोरीला नाकारून गेलेल्या स्थळाबद्दल बोलावं तसं.

मग तिनं फोटो पाठवला.
म्युझियममधला माग. भोवती लाल दोरी,
पाटीवर उघडा पंजा आणि त्यावर फुली.
नान्ना, तुझाच ना हा?
तोच होता. तोच धोटा, तीच फणी,
फक्त तेल नाही, रुई नाही,
पायाशी चहाचा ग्लास नाही.
गाईडनं सांगितलं म्हणे, पूर्वी लोक असं विणायचे.
मी हात वर करणार होते, म्हणाली,
पण पुढची मंडळी निघाली.

नान्नानं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
मोठा करत करत पार धाग्यात शिरला.
डावीकडं एक घर सुटलंय फणीत.
दोरा चुकीचा भरलाय. सांग त्यांना.
नान्ना, ते चालवत नाहीत तो.
चालवत नाहीत म्हणून काय झालं!

तेवढ्यात लाइट गेली.
नान्नाला थांबलेलं आधी पायांना कळतं.
शेजारचा कारखाना, पलीकडचा, चौकापर्यंतचे सगळे माग
एका दमात गप्प.
हॅलो? कट झाला का?
नाही गं, आहोत.
मग एवढं शांत काय?
लाइट गेली, येईल, नान्ना अंधारात ओरडला,
एवढं ओरडायची गरज नव्हती आता.

थांबते मी, अक्का म्हणाली.
कुणी काही बोललं नाही.
तिच्या खिडकीतलं ऊन माझ्या तळहातावर,
मोटर बंद, पाइप गार,
पिंप अर्धंच भरलेलं.