पाण्याचं तोंड

कारभारी ढिकले म्हणाले, सहाला दार उचलतो,
बघायचं तर या. फक्त गाडी आणू नका,
पाटाच्या कडेला वळायला जागा नाही.
गाडी नाहीच, म्हटलं. दिवाळीनंतर विकली.
ते हसले. सायकली बघून परत हसले.

निलोफरची सायकल भाच्याची, हिरवी, हँडल जरा डावीकडे.
माझी एकवीस गिअरची, त्यातले चारच ओळखीचे.
पिशवीत पंक्चरचं सामान, दशम्या, उकडलेली अंडी,
आणि तिचा तो थर्मास,
जो दिवसभर खुळखुळला.

मखमलाबादच्या बागांत अजून शेकोट्या धुमसत होत्या,
घडांना थंडी वाजू नये म्हणून
रात्रभर जागलेली माणसं कानटोप्यांत पेंगत होती.
पाट कोरडा. तळाशी भेगाळलेला गाळ,
एक शाळेचा बूट, मागच्या आवर्तनातले शिंपले.
आधी आवाज आला,
आवाजामागून ओल्या मातीचा वास,
आणि बऱ्याच वेळानं पाणी.

मला वाटलेलं, धावत येईल.
ते चालत आलं.
पुढे फेस, फेसात काटक्या, पाला, उलटा पडलेला भुंगा.
खड्डा आला की थांबायचं, तो भरायचा,
मग ओठ पुढे काढून निघायचं.
त्याच्या बरोबरीनं जाऊ म्हटलं, तर दोघी पडलो.
इतक्या हळू सायकल उभी राहत नाही.

मग पुढे जायचं, बसायचं, वाट बघायची.
आडगावला हायवेखालच्या मोरीतून पाणी सरळ गेलं,
आम्हाला मात्र सिग्नल लागला.
कंटेनरचे हॉर्न, डिझेल, एकशेवीस सेकंद.
पलीकडे पुन्हा पाट, पुन्हा बाभळी,
टायरखाली वाळक्या शेंगांचा कडकड आवाज.

वाइनरीच्या फाटकावर वॉचमन अडला.
दुचाकी वीस, चारचाकी पन्नास. हिला नंबर कुठाय?
वहीत नंबराचा रकाना होता.
निलोफरनं त्यात लिहिलं: भाच्याची.
त्यानं ते दोनदा वाचलं
आणि आम्हाला क्रेटच्या सावलीत जागा दिली.

तिथे तोडणी चाललेली. बारीक काळी द्राक्षं,
बिया फार, साल जाड, दात जांभळे करणारी.
हौसा गावित म्हणाली, ही खायची नसतात बाई,
आणि ओंजळभर दिली.
मग विचारलं, पाणी कुठवर आलं?

तोवर आम्ही फिरायलाच निघालेल्या.
त्यानंतर प्रत्येक चारीवर कुणीतरी उभं राहून हाच प्रश्न,
कुणी फावडं टेकवून, कुणी तोंडात ब्रश,
एक आजोबा तर नुसती हनुवटी उचलून.
आणि आम्हाला उत्तर ठाऊक असायचं:
सय्यद पिंप्रीच्या पुलाखाली.
लिंबाच्या वळणावर, खड्डा भरतंय.
तासाभरात. अंधाराच्या आत. बघू.

टेलला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं.
शेवटच्या चारीशी एक मुलगा पालथा पडून
पाटाच्या तळाला कान लावून होता.
आलं! तो ओरडला.
निलोफरनं थर्मास हलवायचा थांबवला.
तो उठला, कानातली माती झटकली,
काही बोलला नाही. गार चहा मात्र प्यायला.
नाव अंकुश. सातवी ब.

वर सगळ्यांनी आपापलं घेतलं असणार.
काळोख पडायच्या सुमारास उरलेलं आलं,
हातभर रुंद, दमलेलं, फेस सुद्धा नाही.
अंकुशनं माझी सायकल मागितली.
संथ सायकलमध्ये दुसरा आलोय, म्हणाला,
पहिला आलेला पडला होता पण सरांनी बघितलं नाही.

सीटवर नीट बसला,
हँडल डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
ब्रेकवर दोन बोटं,
आणि पाण्याच्या तोंडाशी तोंड ठेवून
पाय न टेकता
निघाला.

आम्ही मागून चालत गेलो.