टेहळणी

मनोऱ्यावर फेलिस्मिना, जून ते ऑक्टोबर.
दुर्बीण, रेडिओ,
आणि शिळ्या पावाला लागलेली मुंग्यांची रांग.

धूर सतरा प्रकारचा, ती सांगते.
भट्टीचा सरळ वर जातो, कामाला निघाल्यासारखा.
निलगिरीचा आधी पांढरा,
मग विचार बदलल्यासारखा.
आणि धुळीला धूर समजतात ते लिस्बनचे पाहुणे.

खाली गावात एकोणीस माणसं,
सगळ्यात तरुण एकसष्टची.
मार्चमध्येच घरांभोवतीचं गवत कापलं,
उरलं ते शेळ्यांवर सोपवलं.
चर्चच्या दारावर यादी : कोणी कोणाला उठवायचं.
अदेलिनोला ऐकू येत नाही.
त्याच्या नावापुढे ग्रासिएतनं स्वतःचं नाव लिहिलं,
बांधावरून सहा वर्षं अबोला असून.

काल दुपारी रेडिओ खरखरला :
दक्षिणेची घळ. पांढरा.
घंटा झाली. ग्रासिएत अनवाणी धावली,
झोपलेल्या अदेलिनोला मनगटाला धरून
ओढत आणलं मैदानात,
एका पायात मोजा, तोंडात शिवी.

निघाला चुनखडीचा ट्रक.

कोणी हसलं नाही.
ग्रासिएतच्या लक्षात आलं, मनगट अजून हातातच आहे.
सोडलं.
"बांध माझाच," तो जरा मोठ्यानेच म्हणाला.

वर फेलिस्मिनानं वहीत लिहिलं :
तीन चाळीस. धूळ. चूक माझी.
आणि दुर्बिणीची काच पुसली.